आधी पीठ दाखवा

माझे मामा घरघंटी विकायला एखाद्या घरी गेले की आधी त्या घरातल्या बाईला रागावतात.

नमस्कार नाही, कंपनीचं नाव नाही. दारातूनच म्हणतात, “आधी पीठ दाखवा.” बाई गोंधळून डबा आणते. मामा चिमूटभर पीठ अंगठ्यावर घेतात, बोटाने चोळतात, उजेडात धरतात. मग त्यांचा चेहरा असा होतो, जणू कोणी त्यांच्याच घरावर दगड मारला. “हाई पीठ शे का वाळू? भाकर थापताना कडा फाटत नई का?” बाई घाईने डब्याचं झाकण लावते, कारण कडा फाटतच असतात. काही घरांतून मामांना हाकलतात. बाकीच्या घरांत मशीन घेतात. मला वाटतं, धाकानेच घेत असतील.

मामा बावन्न वर्षांचे आहेत. धुळ्यात त्यांची चोवीस वर्षं पिठाची गिरणी होती. गल्लीतल्या एकेका घरात घरघंटी आली आणि गिरणीवर डबे यायचे बंद झाले. शेवटी मामांनी शटर ओढलं. तीन महिन्यांनी त्याच घरघंट्या विकायच्या नोकरीला लागले. मामी म्हणाली, “ज्यानी आपली गिरणी खाल्ली, त्याचीच चाकरी?” मामा म्हणाले, “लोकं घरात दळू लागलेत ना? मंग नीट तरी दळा म्हणावं!”

मी शिंदखेड्याकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी मामांकडे राहते. आमच्या दोन्ही घरांत मीच पहिली कॉलेजात गेले, म्हणून मामांच्या नोकरीचे कागद, अर्ज, मोबाइल सगळं माझ्याकडे येतं. रोज संध्याकाळी कंपनीच्या ॲपवर मामांचा अहवाल मी भरायचे. ग्राहकाने नकार का दिला, त्याला तीन पर्याय असतात: किंमत जास्त, विचार करत आहेत, इतर. मामांचं सगळं ‘इतर’मध्ये जायचं.

“लिख. बाई गहू न वाळवता दळस.”

“मामा, हे नकाराचं कारण नाही.”

“माझ्या नकाराचं शे! अशा बाईले मी मशीन इकस नई.”

मी तसंच लिहायचे. खोटं कसं लिहू? पण मग साहेबांचा फोन यायचा.

हे साहेब म्हणजे मामांचे मॅनेजर, वय सत्तावीस. ग्राहकांसमोर ते मामांना ‘काका’ म्हणतात आणि फोनवर ‘तुमच्यासारखी माणसं’ म्हणतात. मला त्यांचा फार राग येतो. जळगावला एका हॉटेलात त्यांनी सगळ्या विक्रेत्यांचं ट्रेनिंग घेतलं. आधी हसायचं, मग नाव सांगायचं, असं शिकवलं. मामांनी उभं राहून विचारलं, “हसू कसाले? दळण काय गंमत शे?” मग साहेब स्वतः ग्राहक झाले आणि मामांना म्हणाले, “समजा मी एक गृहिणी आहे. मला मशीन विका.” मामांनी त्यांना विचारलं, कळणं दळताना ज्वारीत उडीद किती घालता? साहेबांना ते सांगता आलं नाही. भर हॉलमध्ये मामा म्हणाले, “मंग बाई, तुमी मशीन घी काय करशात?” सगळे हसले. साहेब हसले नाहीत, आणि हे त्यांनी लक्षात ठेवलं.

त्यांनी मामांना महिनाअखेरची मुदत दिली. पाच मशीनी गेल्या तर नोकरी कायम, नाहीतर घरी. माझ्या वर्गातल्या मुलांनाही कोणी असं बोलत नाही. चोवीस वर्षं अख्ख्या गल्लीचं दळण सांभाळलेल्या माणसाला हे बोलतात! मी मामांना म्हटलं, तुम्ही उलट बोला. मामा म्हणाले, “बोलू. आधी पाच मशीनी जाऊ दे.”

आणि मामांनी खरंच पाच घरं तयार केली, देवपूर भागातल्या एकाच गल्लीत. प्रत्येक घरात दोनदा रागावून आले होते, तरी पाचही बायका हो म्हणाल्या. पहिली मशीन सिंधूअक्कांकडे बसवायची होती. अक्का एकट्या राहतात. मुलगा पुण्याला असतो, त्यानेच तिकडून मशीन घेऊन दिली होती. रविवार होता आणि फॉर्म इंग्रजीत भरायचा होता, म्हणून मीही गेले.

मुलगा फोनवर अक्कांना मोठ्याने सांगत होता, “आई, आता डबा घेऊन चौकात जायची कटकट मिटली. घराबाहेर पडूच नको.”

अक्का “हो, हो” म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मामांनी विचारलं, “अक्का, चौकातल्या गिरणीवर कितला येळ लागस?”

“दळण व्हस अर्ध्या तासात. मी दोन तास बसस.”

“कोणसंगे?”

“कोणी ना कोणी राहास. मंगळवारी तर जागा नई भेटत.”

मामांनी स्वयंपाकघराच्या दारातून मशीनकडे पाहिलं, मग बाहेरच्या ओट्याकडे. मशीन बसवायला आलेल्या माणसाने प्लग शोधून ठेवला होता. मामा त्याला म्हणाले, “आठे नको. बाहेर ओट्यावर बसाड.”

तो म्हणाला, कंपनीच्या नियमात बसत नाही. मामांनी स्वतः मशीन ओढत ओट्यावर नेली, वायर वाढवून घेतली. समोरच्या दारातून गल्लीतल्या बायका बघत होत्या. मामांनी त्यांना हाक मारली, “अक्काकडे दळी भेटी! डबा लई या, आणि गहू वाळाडी लई या!”

मी त्यांची बाही ओढली. “मामा, त्यातल्या चौघी आपल्या ऑर्डरी आहेत!”

“माले माहीत शे,” मामा म्हणाले. मग हळूच म्हणाले, “मशीन घरात गई तं अक्का घरात बशी जाई. गिरणी बंद केली ना, त्यानंतर बी मी महिनाभर रोज शटर उघडून बसलो व्हतो. नऊ ते पाच. एक माणूस उना नई. नुसतं विचाराले बी नई.”

हे मला माहीत नव्हतं. मामीलाही माहीत नसावं.

तीन दिवसांत उरलेल्या चारही ऑर्डरी रद्द झाल्या. बायकांचं म्हणणं सरळ होतं: चार पावलांवर दळून मिळतं, मग मशीन कशाला? साहेब फोनवर इतके ओरडले की स्वयंपाकघरात मला ऐकू आलं. मला सगळ्यांचाच राग आला. साहेबांचा, त्या चौघींचा, आणि मामांचाही. पण मामा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, तिसऱ्या दिवशीही निघाले. अहवाल आता ऑफिसातच भरून घेतात, असं ते म्हणाले. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

आठवड्याने कॉलेजचे शेवटचे दोन तास झाले नाहीत. मी ठरवलं, त्या चौघींना जाऊन विचारायचं, की शब्द दिल्यावर माणूस असा कसा फिरतो? काय बोलायचं ते रस्ताभर मनात जुळवत गेले.

ओट्यावर सहा डबे रांगेत होते. मशीन चालू होती. सिंधूअक्का एका बाईशी नंबरावरून तावातावाने भांडत होत्या, आणि त्यांचा आवाज इतका खणखणीत असेल असं मला त्या रविवारी वाटलं नव्हतं. खालच्या पायरीवर मामा बसले होते. केसांवर, भुवयांवर पीठ. हातात चहा.

मला पाहून ते दचकले. “मशीनचा आवाज देखाले उनू,” म्हणाले.

“रोजच येतस,” अक्का वरून म्हणाल्या. “नऊ वाजता हजर.”

मी मामांच्या गळ्याकडे पाहिलं. कंपनीचं ओळखपत्र नव्हतं. बॅगही नव्हती.

“केव्हा काढून घेतलं?” मी विचारलं.

“आठ दिवस झाले.” मामांनी चहाचा कप खाली ठेवला. “मामीले सांगू नको इतल्यात.”

मामा सरकून बसले, माझ्यासाठी पायरी हाताने झाडली.

“बस. पाच वाजता संगेच जाऊ,” ते म्हणाले. “सुटी पाचलेच व्हस.”