हिरव्या मनगटाचं प्रकरण

ठाण्यापासून शहाडपर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. दुसरा गुप्तहेरच नाही, असं माझी बायको योगिनी म्हणते, पण तो तपशील झाला. मी, स्वानंद, चपला बघून माणसाचं आडनाव ओळखतो. एकदा ते बरोबरही आलेलं.

कोपरला आमच्या शेजारच्या यज्ञेशची हळद होती. डीजे दणाणत होता, नवरदेव पिवळाधमक झालेला. मनगटाला हळद लावायला करवलीने त्याचं घड्याळ काढलं, तर खाली हिरवंगार कडं उमटलेलं! बायका किंचाळल्या. यज्ञेश माझ्याकडे वळला.

"दादा, सासऱ्यांना कळलं तर लग्न मोडेल!"

"विषप्रयोग," मी जाहीर केलं. "हळदीतून."

"पण हिरवं फक्त घड्याळाखालीच आहे," योगिनी म्हणाली.

"म्हणजे गुन्हेगार वक्तशीर आहे."

मी हळदीचं ताट जप्त केलं. हीच उष्टी हळद शहाडला नवरीकडे, वर्षालीकडे, जायची होती. ती पोचल्याशिवाय तिला हळद लागणार नव्हती. पण कायदा म्हणजे कायदा. घड्याळही पुरावाच, म्हणून ते मी मनगटावर चढवलं. सोनेरी, वजनदार, स्विस! दुबईच्या मामांनी पाठवलंय, असं यज्ञेशने सासऱ्यांना सांगितलेलं.

भर उन्हात मी तपास केला. आधी आचाऱ्यावर संशय घेतला, कारण पालक. मग डीजेवाल्यावर, कारण त्याचे दिवे हिरवे. शेवटी मांडवामागच्या बोकडावर. हिरवं खाणारा तो एकटाच होता. त्याची उलटतपासणी चालू असताना वर्षालीचा फोन आला. यज्ञेशने स्पीकर लावला.

"हळद कुठेय? कधीची पाटावर बसलेय मी! आता नाही आली ना, तर मी उठते. मग उद्या लग्नालाही नाही येत!"

यज्ञेशला रडूच कोसळलं. मी घाम पुसायला हात वर केला आणि गारठलो. माझं मनगटही हिरवं!

"योगिनी, त्यांनी मलाही गाठलं. माझ्यामागे माझं भिंग कुणाला देऊ नकोस."

"कोण मागतंय?"

तेवढ्यात यज्ञेशची जनी आत्या पुढे आली. तिने दोघांची मनगटं शेजारी शेजारी धरली.

"जल्लं तुझं विष! त्यानं घड्याल घातलं, त्याचा हात हिरवा. तू घातलंस, तुझा हिरवा. पितल हाय ता! माझं पन कान जत्रंतल्या कुड्यांनी असंच हिरवं झालेलं."

यज्ञेश फोनसमोरच कबूल झाला. "फर्स्ट कॉपी आहे गं. शीळफाट्याला एकाने गाडीच्या डिकीतून दिली. म्हणाला, ओरिजिनलसारखीच, वॉटरप्रूफ पण."

मी काचेत पाहिलं. आत हळद शिरलेली.

पलीकडून वर्षाली म्हणाली, "येडा आहेस का रे? पप्पांनी जावयासाठी डोंबिवलीच्या दुकानातून घड्याळ घेऊन ठेवलंय. साधंच आहे. पण बिल आहे, वॉरंटी आहे, बिघडलं तर तोच दुकानदार दुरुस्त करून देतो. मला दुबईचा मामा नको, तू पाहिजेस. आधी हळद पाठव!"

हळद बाइकवरून सुटली. आत्याने लिंबू चोळलं आणि यज्ञेशचं मनगट स्वच्छ झालं. माझ्या मेहनतीबद्दल त्याने ते घड्याळ मलाच देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी लग्नाला योगिनी पुढे गेली. मी घड्याळात बघत बघत, मुहूर्ताच्या चांगला आधी शहाडच्या हॉलवर पोचलो. खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या, अक्षता झाडून कोपऱ्यात लोटलेल्या, माणूस एक नाही. माझ्यासारख्याला एवढं पुरेसं होतं. मी तत्काळ पोलिसांना फोन लावला आणि अख्ख्या वऱ्हाडाच्या अपहरणाची खबर दिली.