साखरेच्या बरणीवरील स्वारी

हकीकत ऐसी की, पाणी चढविणाऱ्या पंपांचा एक कारखाना मोठा नामांकित, त्याचे धनी थोरले साहेब ऐसे प्रतापवंत की त्यांच्या एका खाकरण्याने तीन मजले चिडीचूप होत. त्यांचे पदरी खरेदीखात्याचे मुखत्यार म्हणोन जे गृहस्थ होते, ज्यांस दप्तरी लोक पाठीमागे तक्तेबहाद्दर म्हणत, त्यांणी एका रबरी रिंगेपायी कैसा बाका प्रसंग पाहिला आणि कैसी फत्ते केली, ते येथे साद्यंत लिहिले आहे. वाचणारास हसू आलियास तोंडावर रुमाल धरावा, कारण थोरले साहेब अद्यापि खुर्चीवर आहेत.

बहाद्दरांची कीर्ती ऐसी की, रसदेस धोका म्हणोन जगात जे काही असेल, ते त्यांणी रंगीत तक्त्यात बांधोन भिंतीस टांगिले होते. पूर, संप, आग, ट्रकवाल्याचा रुसवा, सर्वांस चौकट नेमिली. धोका थोर तेथे तांबडा रंग, मध्यम तेथे पिवळा, आणि बंदोबस्त जाहला तेथे हिरवा. आता पंपाचे पोटात एक रबरी रिंग बसते, ती नसेल तर पंप पाणी वर न चढविता धन्याचे पायावर सोडितो. ही रिंग एकाच दारातून घेणे धोक्याचे, म्हणोन बहाद्दरांणी मोठी मसलत करोन तीन पुरवठादार नेमिले आणि तिघांस सवालांचे बाड धाडिले की, संकट आलियास काय कराल? तिघांचा जबाब आला की, दुसरीकडोन आणू. बहाद्दर संतुष्ट जाहले आणि चौकट हिरवी केली. आत्ता कोठोन आणिता, हे मात्र कोणी पुसिले नाही.

त्यात एक घरगुती गोम होती. बहाद्दरांचे पत्नीची थोरली बहीण, तिचे यजमान म्हणजे बहाद्दरांचे साडू, यांचा रबरी रिंगा काढण्याचा लहानसा धंदा होता. एके दिवशी साडूंचे घरी दोन्ही घरची मंडळी जेवावयास बसली असता साडूंणी आपला माल घ्यावा म्हणोन हळूच शब्द टाकिला, तो बहाद्दर भर मंडळीत बोलिले, "साडूभाऊ, गल्लीतल्या शेडमधला माल आमच्याकडे चालत नाही. ऑडिटमध्ये उडेल." साडूंचा घास हातीच राहिला, आणि त्या दिवसापासोन दोन्ही घरांचे जाणेयेणे तुटले. बहिणी मात्र दुपारी एकमेकींकडे चहास जात, हे बहाद्दरांचे कोणत्याही तक्त्यात नव्हते.

मग एकाएकी रिंगा येणे खुंटले. पहिला पुरवठादार म्हणे मागून माल नाही, दुसरा म्हणे तेच, आणि तिसऱ्याने फोनच उचलिला नाही. जुळणीच्या दालनात पंप पोटे उघडी टाकोन रांगेने पडिले, कामगार चहावर चहा रिचवू लागले, आणि थोरल्या साहेबांचा हुकूम सुटला की, ह्या आठवड्याची गाडी रिकामी गेली तर बहाद्दरांणी तक्ता गुंडाळोन काखेत मारावा आणि खुर्ची खाली करावी. बहाद्दरांणी जन्मभर लोकांस धोके रंगवोन दाखविले, पण आपली खुर्ची कोणत्या चौकटीत आहे हे त्यांणी पाहिलेच नव्हते.

तेव्हा खासा स्वारी निघाली. पहिल्या पुरवठादाराचे गोदामी मोर्चा लाविला, तो त्याने घाम पुशीत कबूल केले की, आम्ही कोठले करणार, आम्ही तर एका गल्लीतून आणोन वर आपले लेबल लावितो. दुसऱ्याने त्याच गल्लीचे नाव घेतले, आणि तिसऱ्याने घेतले तेव्हा बहाद्दर पत्ता न पुसता तिकडे निघाले, कारण गल्ली ओळखीची होती. शेडमध्ये यंत्र थंड, आणि साडू स्टुलावर बसोन पेपर वाचीत होते.

साडू मान वर न करिता बोलिले, "या. ऑडिटला आलात?"

मग उलगडा जाहला तो ऐसा. यंत्रास गार पाणी पुरविणारा पंप बिघडला होता, तो पंप बहाद्दरांचेच कारखान्याचा होता, आणि दुरुस्तीसाठी बहाद्दरांचेच कारखान्यात पडिला होता. बहाद्दरांणी दुरुस्तीखात्यास फोन लाविला, तो उत्तर आले की, किरकोळ काम आहे साहेब, फक्त रबरी रिंग आली की देतो. रिंग नाही म्हणोन पंप नाही, पंप नाही म्हणोन रिंग नाही, आणि साडूंचे शेडमधील तयार माल तिघांणी झाडून नेला होता.  तेव्हा साडूंणी पेपराची घडी घालोन सांगितले की, एक रिंग शिल्लक आहे, घरी साखरेच्या बरणीस लाविली आहे, झाकण सैल होते म्हणोन. परंतु ती माझी नव्हे, धनिणीची आहे.

मग साडूंस संगे घेऊन बहाद्दर मेव्हणीचे दारी रुजू जाहले. आत बहाद्दरांची पत्नी कप हाती धरोन बसलेली. तिणे नजर कपात घातली. बहाद्दरांणी तहाचे बोलणे लाविले की, एका बरणीचे बदली तीन नव्या बरण्या देऊ.

"बरण्या नकोत मला," मेव्हणी बोलिली. "त्या दिवशी ह्यांचा घास हातात राहिला, आणि भाऊजी, तुम्ही खुशाल दुसऱ्यांदा वाढून घेत होतात. मी वाढलंही."

बहाद्दरांस लाज वाटली, खरी लाज, जीस कोणत्याही तक्त्यात रंग नाही. ते साडूंकडे वळोन बोलिले, "चुकलं माझं. तुमचा माल मी बघितलासुद्धा नव्हता."

साडूंणी खुर्ची पुढे सारिली. मेव्हणीने बरणी उघडिली, रिंग काढोन फडक्याने पुसिली, आणि हुकूम केला की, नव्या मालातील पहिली रिंग ह्या बरणीस लागेल आणि ती भाऊजी स्वतः आणोन बसवतील.

तैसेच जाहले. पंप फिरला, यंत्र तापले, पहिली रिंग बरणीस पोहोचली, बाकी रिंगा तीन लेबले लावोन कारखान्यात आल्या आणि गाडी भरोन गेली. थोरल्या साहेबांणी सभा भरवोन बहाद्दरांस ढाल दिली, आणि साडूंस चौथा पुरवठादार नेमोन तक्त्यात चौथी चौकट हिरवी करविली. बहाद्दरांणी अर्ज केला की, चारही चौकटींखाली शेड एकच आहे, दुसरी शोधावी, निदान मूठभर रिंगा कपाटात राखाव्या. त्यावर हुकूम जाहला की, चार हिरवे दिसत असता शंका काढणे हा नकारात्मक स्वभाव होय, आणि कपाटात अडगळ नको.

येणेप्रमाणे रसदेवरील अरिष्ट निवारण जाहले, मोहीम फत्ते, म्हणोन दप्तरी नोंद केली असे. कुल कारखान्याची राखीव रसद म्हणाल तर रिंग एक, मुक्काम साखरेची बरणी. दर रविवारी बहाद्दर पत्नीस पुसतात, "ताईंच्या बरणीचं झाकण घट्ट बसतंय ना?" बसतंय म्हटले, की सोमवारी तक्ता हिरवा राहतो.