कुणाच्या मते?

निवृत्त मुद्रितशोधकांसमोर बायकोने कप ठेवला आणि म्हणाली, "चहा आज फक्कड झालाय."

"कुणाच्या मते?" पडद्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं.

छापखाना सुटला, पण खोड सुटली नव्हती. इंटरनेटवर एक ज्ञानकोश होता, कुणीही लिहावा आणि कुणीही सुधारावा असा. तिथे ते 'कात्री' या नावाने फुकट राबत. स्वतःचीच टिमकी वाजवणारे लेख हुडकायचे, विशेषणं छाटायची आणि 'कुणाच्या मते?' असा शेरा मारायचा, यात त्यांना जेवणाहून जास्त गोडी होती.

त्या सकाळी तावडीत एक जादूगार सापडला. 'विश्वविख्यात', 'अद्वितीय', 'जादूच्या दुनियेचे अनभिषिक्त सम्राट'. नाव वाचून ते चपापले. हे तर बायकोचे थोरले भाऊ! नातेवाइकांवरच्या लेखाला हात लावू नये, असा तिथला नियम होता. पण तो स्तुती करणाऱ्यांसाठी असणार, छाटणाऱ्यांसाठी नव्हे, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी सम्राटांना पदच्युत केलं.

थोड्याच वेळात 'निशिगंधा' नावाच्या कुणीतरी सम्राटांना पुन्हा गादीवर बसवलं. यांनी उतरवलं, तिने बसवलं. मेव्हण्यांनी उभ्या आयुष्यात कबूतरसुद्धा इतक्या वेळा गायब करून परत आणलं नसेल. शेवटी मुद्रितशोधकांनी लेखाच्या चर्चापानावर खडसावलं, 'आपला या गृहस्थांशी संबंध काय?'

स्वयंपाकघरात फोन टुणकन वाजला. मघापासून आपण बटण दाबलं की तिकडे तो वाजतोय, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

उत्तर उमटलं, 'सख्खी बहीण. आणि आपला?'

ते उठून आत गेले. बायको भाजी चिरत होती.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"दादाचे हात थरथरतात आता. पत्ते निसटतात. प्रयोग बंद झाले त्याचे. कुठेतरी नाव राहू दे की त्याचं."

"पण खोटं?"

"मग खरं शोधा तुम्ही. छाटायला काय, कुणालाही येतं."

हे मात्र त्यांना लागलं.

दोघांनी चर्चापानावर नातं कबूल करून लेखातून अंग काढून घेतलं. मग एक तिऱ्हाईत मध्यस्थ आला आणि त्याने पाटी लावली, 'पुरावा नाही. आठवडाभरात न मिळाल्यास लेख वगळावा.' बायकोने पाटी वाचली आणि फोन पालथा घालून ठेवला. ते त्यांना सोसवेना. लेखात लिहायची बंदी होती, पुरावा द्यायची नव्हती. ते रोज ग्रंथालयात जाऊन शिंकत शिंकत जुनी वर्तमानपत्रं चाळू लागले.

आणि एक बातमी सापडली. मुलांचा प्रयोग चालू असताना नाट्यगृहात धूर झाला, दिवे गेले. जादूगार अंधारात बोलत राहिले, आता तुम्हा सगळ्यांना गायब करतो, फक्त एकमेकांचा हात सोडायचा नाही. मुलांची रांग हसत हसत रस्त्यावर पोचली.

"दादा कधी बोलला नाही हे," बायको म्हणाली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

मध्यस्थाने बातमी तपासली, पाटी काढली आणि प्रसंग दोन वाक्यांत लिहिला. विशेषण एकही नव्हतं. मुद्रितशोधकांनी ती वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. जन्मात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी कमी वाटलं. चर्चापानावर त्यांनी भीत भीत लिहिलं, 'जादूगारच्या आधी थोर हा शब्द घालता येईल का?'

स्वयंपाकघरात फोन वाजला. मध्यस्थाचं उत्तर आलं होतं, 'कुणाच्या मते?'

"सांगा ना," आतून बायको म्हणाली, "आपल्या दोघांच्या."