बाईंचा न धुतलेला कोट

बटण तुटलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते तुटलं, आणि तेही समिती येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी. म्हणून बाईंनी प्रयोगशाळेतला कोट कधी नव्हे तो घरी आणला, बटण लावलं, कोट पिशवीत घालून पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि निर्धास्त झोपल्या. सकाळी उठून पाहतात तो पिशवी जागच्या जागी आणि कोट गायब.

"धुतला मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान होतं.

बाई भिंतीला टेकल्या. "आई, किती वेळा धुतलात?"

"तीनदा. एका धुण्यात जाणारा वास होता का तो? शेवटी ते सुगंधी पाणी घातलं, तेव्हा कुठे माणसात आला."

आता सासूबाईंचं यात काय चुकलं, तुम्हीच सांगा. तो कोट मूळचा पांढरा आहे हे फक्त कॉलर उलटी केली तरच कळत होतं. सून एवढी शिकलेली, चार मोठी माणसं तिचं काम बघायला येणार, आणि ती असल्या अवतारात त्यांच्यापुढे उभी राहणार? कुठल्याही सासूने तो कोट धुतलाच असता. काही जणींनी जाळलाही असता.

पण बाई तो कोट मुद्दाम धूत नव्हत्या. त्याचं कारण त्यांच्या कामात होतं. बाई मेंदूच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास करत. मेंदूत राखणदार पेशी असतात. त्या गस्त घालतात आणि कुठे मोडतोड झाली की धावून जातात. बाईंचं आयुष्यभराचं म्हणणं एवढंच, की जनावर घाबरलेलं असेल तर हे राखणदार आधीच चवताळून बसतात. मग आपण आजार मोजतोय असं समजून भीतीच मोजत बसतो. तेव्हा आधी उंदराला निवांत करा, मग त्याच्या मेंदूत डोकवा. आणि उंदराचा भरवसा डोळ्यांवर नसतो, नाकावर असतो. बाईंचे उंदीर जन्मल्यापासून त्या कोटाचा वास ओळखत होते. तो वास आला की ते आपण होऊन बाईंच्या तळहातावर येऊन बसत.

बाईंचे सगळे निबंध याच एका गोष्टीवर उभे होते, आणि त्या निबंधांच्या मागे एक गृहस्थ हात धुऊन लागले होते. दुसऱ्या संस्थेतले मोठे शास्त्रज्ञ. त्यांच्या माघारी सगळे त्यांना शंकासुर म्हणत. बाईंचा प्रत्येक प्रयोग त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत जसाच्या तसा करून पाहिला होता आणि एकदाही तो जमला नव्हता. त्यांचे उंदीर कायम भेदरलेले. "जी गोष्ट जगात एकाच बाईच्या हातून होते," असं त्यांनी छापून आणलं होतं, "तिला विज्ञान म्हणत नाहीत, हातगुण म्हणतात."

आणि आजच्या समितीत हेच शंकासुर होते. उंदीर बाईंच्या हातावर शांत बसतो का, हे समिती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती. बसला तर बाई विभागप्रमुख. नाही बसला तर इतक्या वर्षांच्या कामावर 'संशयास्पद' असा शेरा बसून सगळं पाण्यात.

"मग आता तुझा वास परत कोटाला लागला पाहिजे," बाईंचा नवरा म्हणाला. तो लिफ्टची तपासणी करणारा माणूस. त्याच्या लेखी प्रत्येक अडचण वर-खाली केल्याने सुटते. त्याच्या सांगण्यावरून बाई तो ओलाकच्च कोट घालून इमारतीचे जिने चढल्या-उतरल्या. घाम आला, पण कोटाला सुगंधी पाण्याचाच वास येत राहिला. वाटेत भेटलेल्या शेजाऱ्यांनी, लिफ्ट बंद आहे का, असं विचारलं. नवऱ्याला ते फार लागलं.

मग बाईंनी ठरवलं, आज आंघोळ करायची नाही. सासूबाई हे ऐकून खुर्चीतच बसल्या. लग्नात हिच्या आईने सांगितलं होतं, मुलगी जरा वेगळी आहे, पण इतकी वेगळी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बाईंनी रोज घरात घालायचा आपला जुना स्वेटर कोटाच्या आत कोंबला, ते गाठोडं गॅलरीत उन्हात खुर्चीवर ठेवलं आणि त्या समितीपुढच्या भाषणाची तयारी करायला आत गेल्या.

ऊन कोवळं, स्वेटर लोकरीचा, खुर्ची मऊ. शेजारच्यांची मांजर कठड्यावरून आली, तिने हा बेत पाहिला आणि ती गाठोड्यात शिरून गाढ झोपली. सासूबाईंना ती दिसेपर्यंत बराच वेळ गेला होता. त्यांनी तिला हुसकलं, कोट झटकला आणि एक एक केस चिमटीत धरून वेचून काढला. सुनेला सांगावं का, असं त्यांच्या मनात आलं. पण सकाळी एकदा बोलणी खाल्ली होती, पुन्हा कशाला? बाईंच्या नवऱ्याने दारातून सगळं पाहिलं. त्याने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे पाहिलं आणि दोघंही गप्प बसले. कोट तसाच बाईंच्या पिशवीत गेला.

प्रयोगशाळेत अध्यक्ष पुढे खुर्चीवर बसले. ते भले गृहस्थ होते आणि त्यांना जेवणाची वेळ चुकवायची नव्हती. शंकासुर मात्र स्वेटर घालून, हाताची घडी करून पार मागे दाराशी उभे राहिले. लांबूनच बरं दिसतं, असं म्हणाले. उंदराच्या छातीचे ठोके भिंतीवरच्या पडद्यावर उमटत होते. रेघ संथ चालली होती. बाईंनी कोट चढवला, मनातल्या मनात नवस बोलल्या आणि पिंजऱ्यात हात घातला.

उंदीर दोन पावलं पुढे आला. त्याने नाक वर केलं. मग तो असा उधळला, की पाण्याची बाटली उपडी झाली, भुसा उडाला आणि पडद्यावरची रेघ वरच्या काठाला जाऊन भिडली. बाईंनी हळू आवाजात त्याला चुचकारलं. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि बाईंकडे अशा नजरेने पाहू लागला, जणू त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. बाईंना रडूच फुटायचं बाकी होतं.

"हातगुण आज सुट्टीवर दिसतोय," मागून शंकासुर म्हणाले.

नेमका त्याच वेळी बाईंचा फोन वाजू लागला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. अध्यक्ष म्हणाले, घ्या, घरचं काही तातडीचं असेल. बाईंच्या हातात मोजे होते, म्हणून त्यांनी फोन टेबलावरच ठेवून स्पीकर चालू केला.

"अगं, मला राहवेना," सासूबाईंचा आवाज खोलीभर घुमला. "तुझ्या कोटात ना, शेजारची मांजर झोपली होती. पण तू काळजी करू नकोस. मी केस न् केस वेचलाय."

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. बाईंनी मात्र डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मोजे उतरवले, कोट काढला, पिशवीत घालून गाठ मारली आणि पिशवी बाहेर पाठवली. हात कोपरापर्यंत साध्या पाण्याने धुतले. घाबरलेल्या उंदराला विश्रांतीला पाठवून दुसऱ्या उंदराचा पिंजरा मागवला आणि आंघोळ न केलेला आपला हात तसाच आत सोडला.

हा उंदीर आला, थबकला, हुंगत राहिला. मग तळहातावर चढला, गोल फिरून त्याने जागा केली आणि बसला. पडद्यावरची रेघ हळूहळू खाली येऊन संथ चालू लागली. अध्यक्ष म्हणाले, वा, हे तर अगदी घरच्यासारखं. त्यांनी लगेच पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," शंकासुर म्हणाले. "एवढ्यावर सही? मला जवळून पाहू द्या." ते तरातरा पुढे आले आणि पिंजऱ्यावर वाकले.

उंदीर बाईंच्या हातावरून उडाला आणि पिंजऱ्यातल्या नळीत शिरला. रेघ पुन्हा वरच्या काठाला.

शंकासुर एक पाऊल मागे सरले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या स्वेटरकडे पाहिलं. रागावण्यासारखं बरंच होतं, पण त्यांच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली होती.

"सर, एक विचारू का? तुमच्या घरी मांजर आहे?"

"माझी नाही," शंकासुर म्हणाले. "बायकोची आहे."

"झोपते कुठे?"

शंकासुरांनी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. उत्तर द्यायलाच हवं होतं, कारण अध्यक्षांनीही मान वर केली होती. "कपाटात," ते म्हणाले. "माझ्या कपड्यांवर. पहिल्यापासून."

अध्यक्षांना हे पूर्ण समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते अतिशय आपुलकीने म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही यांच्या विरोधात जे छापलंत, ते तुमच्या मांजरीने केलेलं काम होतं?"

"सरांचे निष्कर्ष एकदम बरोबर आहेत," बाई पटकन म्हणाल्या. "भेदरलेल्या उंदराची इतकी काटेकोर मोजमापं दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. माझं म्हणणं खरं आहे याचा त्यांच्याइतका भक्कम पुरावा मलाही देता आला नसता." आणि हे बोलताना त्यांनी एकदाही हसू येऊ दिलं नाही, हे त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत अवघड काम होतं.

अध्यक्षांनी सही केली आणि कागद पुढे सरकवला. शंकासुरांनी तो सवयीने पुन्हा पुन्हा वाचला, शंका काढायला जागा शोधली, सापडली नाही, तेव्हा सही केली. विभागप्रमुखपद बाईंचं झालं. अध्यक्ष जेवायला पळाले.

शंकासुर मात्र रेंगाळले. दाराशी बाईंना गाठून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही आता हे सगळं छापणार."

"छापावं तर लागेलच, सर."

"छापा. माझं नाव घाला, चूक माझी म्हणा, माझं काही म्हणणं नाही. फक्त मांजरीचा दोष असं कुठे लिहू नका. बायको माझे सगळे निबंध वाचते." त्यांनी स्वेटरवरचा एक पांढरा केस उचलला, टाकायला गेले आणि जपून खिशात ठेवला. "आणि दोघांपैकी कुणी घरात राहायचं असा प्रश्न निघाला ना, तर त्याचं उत्तर मला प्रयोग न करताही माहीत आहे."