स्प्रिंगच्या खालचं वजन

मेश्रामकाका मोटारसायकलवर तांदळाचं पोतं खुशाल लादतील, पण चाकाला चिकटलेला चिखल त्यांना खपत नाही. सेक्टर २ मधल्या आमच्या गल्लीत हे स्टील प्लांटमधून रिटायर झालेले गृहस्थ रोज सकाळी उकिडवे बसतात आणि खराट्याच्या काडीनं चाकं कोरतात.

"कावून एवढं कोरून राहिले, काका?" मी एकदा विचारलं. माझंच चुकलं.

"वरचं वजन स्प्रिंग सांभाळते. खालचं कोण सांभाळन? तुहा वकील?"

मी दुर्गच्या कोर्टात कारकून आहे, म्हणून हा टोमणा. मग त्यांनी प्लांटमधला आपला जुना, लोखंडी नाकाचा जड सेफ्टी शू आणला. माझ्या एका पायात तो, दुसऱ्यात चप्पल, पाठीवर माझ्याच पोरीचं दप्तर. "आता पळ!"

पळालो की हो! भर गल्लीत! बायको दारात पोट धरून हसत होती.

"दप्तर जाणवलं?"

"फारसं नाई."

"अन् बूट?"

"पायच उचलत नाई न जी!"

"तेच तं! जड चाक खड्ड्यातून उसळलं का स्प्रिंगचं ऐकत नाई. धक्का सीधा कमरेत."

ही कंबर शकूकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि काका त्यांना दर आठवड्याला दुर्गच्या दवाखान्यात न्यायचे. त्यांच्यासाठीच लोखंडी रिम काढून ॲल्युमिनियमची हलकी बसवली, स्प्रिंग दोघांच्या वजनाला जुळवली. खड्डा आला की मागे न वळता विचारायचे, "शकू, लागलं काय?"

"नाई लागलं," काकू म्हणायच्या. खरं की खोटं, त्यांनाच ठाऊक.

काकूंना जाऊन वर्ष झालं. स्प्रिंग मात्र अजून दोघांचीच आहे. एकट्याला गाडी नुसती उडवते, म्हणून काका दिसेल त्याला मागे बसवतात.

"स्प्रिंग ढिली करून घ्या न काका, पाच मिनिटांचं काम," मी सुचवलं.

"तू आपलं बस मुकाट्यानं!" केवढ्यानं खेकसले माझ्यावर.

परवा कोर्टात जायला त्यांच्यामागे बसलो. दुर्गच्या रस्त्यावर खड्डा चुकला नाही. काका समोर बघत सहज म्हणाले, "शकू, लागलं काय?"

मी चांगला ऐंशी किलोचा, मिशीवाला माणूस. एरवी काकांची टिंगल करायची संधी मी सोडत नाही.

"नाई लागलं," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली आणि पुढच्या खड्ड्याआधी गाडी अगदी हळू केली.