चाकूरचं स्थळ आणि पोलंडची जागा

तनुजा काही पोलंडला जात नसते, हे दयानंदनं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. सांगितलं मात्र कुणालाच नाही, कारण ती जाऊ नये याची सगळी तजवीज तोच करून राहिला होता.

दोघं चुलत भाऊबहीण. रेणापूरच्या एकाच घरातले, नांदेडला एकाच वर्गात एम.एस्सी. करणारे. कॉलेजनं पोलंडच्या एका विद्यापीठाशी करार केला होता. आपलं एक पोरगं एका सत्रासाठी तिकडं, तिकडचं एक इकडं. नंबर लागला तनुजाचा. दयानंद दुसरा, जेबा नावाची मुलगी तिसरी. म्हणजे तनुजा गेली नाही तर दयानंद! लहानपणापासून ही पोरगी त्याच्या एक पाऊल पुढं. दहावीला तिच्या नावानं गावभर पेढे वाटले, याच्या निकालाला घरातली साखर संपलेली. आता विमानही तिचंच?

"दादा, थंडीचं जाकीट कुठं चांगलं मिळतं रे?" असं तिनं सहज विचारलं, तर त्याला त्या दिवशी दोन घास गेले नाहीत.

आशेला जागा एकच होती. तनुजाचे वडील शेषेरावकाका अजून हो म्हणत नव्हते. "पोरीची जात, एकटी इतक्या लांब?" इथं गाडी अडली होती. काकांना आता बारीकसा धक्का पाहिजे, हे दयानंदनं ओळखलं. आणि शिकत्या पोरीला घरी बसवायला चांगल्या स्थळासारखं दुसरं औषध नाही.

मोटारसायकल झिजवून त्यानं चाकूरचं स्थळ हुडकलं. मुलगा वैजनाथ, बी-बियाण्याचं दुकान, पाण्याखालचं रान. बाप बसवंतराव झुपकेदार मिशीचा, जुन्या वळणाचा. सुनेनं उंबरा ओलांडू नये अशा मताचा, असं कानावर आलं होतं. दयानंदला अगदी देव भेटल्यासारखं झालं.

पाव्हणे आले. पोहे झाले. तनुजा रागानं लाल होऊन समोर बसली होती. दयानंदनं हळूच ठेवणीतला बाण काढला.

"एक सांगायचं राहिलं मामा. पोरगी परदेशात शिकायला जाते म्हनून राहिली. पोलंडला. एकटीच."

बसवंतरावांनी बशी खाली ठेवली. आता पाव्हणा उठतो आणि काका पोरीला दम भरतात, या खात्रीनं दयानंद भिंतीला टेकला.

"इमानात बसून?"

"हाव की."

"पाव्हनं, हे आधी न्हाई का सांगायचं?" बसवंतराव शेषेरावांकडं वळले. "आमच्या साडूची सून पुन्याला कंपनीत हाय, तर त्यानं लग्नाकार्यात आमाला बसनं मुश्किल केलंय. पुन्यालाच हाय हो ती! आन् आमची पोलंडला? पाठवा. लगीन आल्यावर करू."

झालं! हा गडी तर दयानंदपेक्षा जास्त जळत होता.

शेषेरावकाकांचा चेहरा खुलला. होणारा व्याहीच पाठवा म्हणतो, तर अडवणारे आपण कोण? तनुजाच्या आईनं, केवळाकाकूंनी, दुसऱ्यांदा चहा टाकला. तनुजा तरी कुठं कमी? "मी परत आल्यावरच हो-न्हाई सांगीन," म्हणाली.

"चालतंय," बसवंतराव म्हणाले. "फक्त इमानातला फोटो आमच्या सोयऱ्यांच्या ग्रूपवर टाक माय."

दयानंदचा धीर सुटला. "पण मामा, ती तिकडंच राहिली म्हंजे? वैजनाथनं काय वाट बघत बसायचं?"

बसवंतरावांनी मिशी चोळली. दयानंदच्या जिवात जीव आला.

"खरं हाय. कायतरी पक्कं पायजे," ते म्हणाले. "आमची पुनम हाय, बी.एड. झालेली. बहिनीच्या स्थळासाठी उन्हातान्हाचा पळनारा असा भाऊ मी कुठं बघितला न्हाई. आमची पोरगी ह्याला देतो, तुमची आमाला द्या. साटंलोटं. ह्याचं लगीन आधी उरकू."

लोडाला रेललेले दयानंदचे वडील ताठ बसले. "लाखातलं बोललात."

"अहो पण माझं शिक्षण..."

"लाजून राहिलंय लेकरू," काकू म्हणाल्या.

नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? आणि पुढच्या रविवारी पुनमला बघितल्यावर तर नाही म्हणायचं मनातही राहिलं नाही, इतकी ती देखणी आणि बोलकी. पण तनुजा विमानात बसली, बर्फात उभी राहून फोटो पाठवायला लागली, तसा दयानंद पुन्हा आतल्या आत धुमसू लागला. प्रत्येक फोटोखाली शाबासकीचा अंगठा मात्र टाकायचा.

साखरपुड्याच्या दिवशी फोन बंदच होता. पाव्हण्यांच्या पंगती बसल्यावर त्यानं खुर्चीतल्या खुर्चीत तो चालू केला, तर लगेच तनुजाचा फोन.

"अभिनंदन दादा. सकाळी सर तुला फोन लावून राहिले होते. लागंना म्हनून मला केला. पोलंडवाल्यांनी अजून एक जागा वाढवलीय. तुझाच नंबर होता."

दयानंद शालीसकट उभा राहिला. "मग?"

"मग काय, आजच्या आज नाव पायजे म्हनले. मी सांगितलं, दादाचा साखरपुडा चालू हाय, लग्नाची तारीख धरलीय, त्याला कुठं ओढता? सरांनी जेबाचं नाव दिलं. तू माझ्यासाठी इतकं केलंस, म्हनलं आपन बी तुझी धावपळ वाचवावी."

"लई उपकार झाले," दयानंद म्हणाला आणि मटकन खाली बसला.

"काय झालं?" शेजारच्या खुर्चीतून पुनमनं विचारलं.

"काही न्हाई. जेबा चालली पोलंडला. तिसऱ्या नंबरची."

पुनमनं त्याच्या पडलेल्या तोंडाकडं बघितलं. ती काही बोळ्यानं दूध पिणारी नव्हती. शालूचा पदर सारखा करत ती हळूच म्हणाली,

"आता जेबासाठी स्थळ हुडकायला निघू नका म्हंजे झालं."