चाळीस सोंडे

"माझ्या दुकानात एक सोंडा दाखवा, तांदळाचं अख्खं पोतं फुकट न्या!"

हे वाक्य श्रीधरराव गेली चौतीस वर्षं बेंगळुरूच्या राजाजीनगरात गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते. पोतं कुणी नेलं नव्हतं. सोंडे नव्हते म्हणून नव्हे. श्रीधरराव पुढची पोती रोज चाळून घेत आणि गिऱ्हाइकाला गोदामात पाऊल टाकू देत नसत, म्हणून!

अशा माणसाला त्या दिवशी गोदामात आपली सून उकिडवी बसलेली दिसली. रूपश्रीच्या एका हातात चाळणी, दुसऱ्या हातात रंगवायचा बारीक ब्रश! जुन्या सोनामसुरी तांदळाच्या पोत्यातून ती काहीतरी टिपत होती आणि छोट्या बाटलीत सोडत होती. सासऱ्यांची चाहूल लागताच बाटली पदराआड गेली.

"काय गं, काय चाललंय?"

"काही नाही मामा. स्वल्प तांदूळ बघत होते."

बघत होती? ब्रशने? श्रीधररावांच्या मनात पाल चुकचुकली. रूपश्री कुठल्याशा संशोधन संस्थेत 'किड्यांच्या पोटातले जंतू' शोधते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. भल्या घरची पदवीधर मुलगी असली नोकरी करेल, यावर त्यांचा लग्न ठरलं तेव्हापासून विश्वास नव्हता.

संध्याकाळी गॅलरीत ती फोनवर कुजबुजताना ऐकू आली.

"विश्वेश्वर, मिळाले! चाळीस! सासऱ्यांच्याच दुकानात! नाही रे, त्यांना कशाला सांगू? उद्या फोडू आणि आतलं सगळं बाहेर काढू. एकदा बाहेर आलं की मॅडमपुढे पुरावाच!"

श्रीधरराव भिंतीला टेकले. फोडणार! बाहेर काढणार! आणि वर मॅडम!

"शारदे," ते स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "आपली सून अन्नखात्याची हेर आहे!"

शारदाबाईंनी पोळी उलटली. "सरी, बरं. मग हात धुवा, जेवायला बसा."

बायकोची साथ नाही म्हटल्यावर माणसाला एकट्यानेच शौर्य दाखवावं लागतं. सकाळी रूपश्री आंघोळीला गेली. बाटली तिच्या पर्सशेजारीच होती, तोंडाला जाळीचं फडकं बांधलेली. आत चाळीस सोंडे भाजी बाजारातल्या बायकांसारखे एकमेकांना ढकलत होते. श्रीधररावांनी ते कागदावर ओतले आणि बाटलीत तेवढंच शहाजिरं भरलं. लांबून बघितलं तर फरक फक्त सोंडेचा!

आता या चाळिसांचं काय करायचं? मारायचे, तर नेमकी एकादशी. सोडायचे, तर घरात तांदूळ. शेवटी त्यांनी पक्क्या दुकानदारी हाताने पुडी बांधली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि रूपश्रीच्या कॅबमागे रिक्षा लावली. ही मॅडम कोण ते एकदा बघायचंच होतं!

तासभर वाहतुकीत कुजून रिक्षा संस्थेच्या फाटकाशी पोचली. हेराने लपतछपत शिरायचं असतं. पण पहारेकऱ्याने नाव विचारताच श्रीधररावांच्या तोंडून सवयीने खरं नाव आणि नातं निघून गेलं. "रूपश्रीचे सासरे? या, या!" म्हणत त्याने वहीत त्यांची सही घेतली आणि थेट प्रयोगशाळेच्या दारात नेऊन उभं केलं.

आत पांढऱ्या कोटातली रूपश्री बाटली पालथी करत होती.

"मॅडम, हे... हे शहाजिरं आहे!"

"कालपर्यंत काय होतं?" अलका मॅडमनी विचारलं.

"काल चालत होते हो! मोजले होते मी!" तिचा आवाज रडवेला झाला. "पाच महिने शोधल्यावर मिळाले होते. आता पुन्हा मामांची नजर चुकवून कसे आणू?"

दारातले श्रीधरराव एक पाऊल पुढे आले. हेर अशी रडते का? तेवढ्यात त्यांच्या मानेवर काहीतरी चाललं. मग कानामागे. मग मिशीत! चौतीस वर्षांत त्यांची पुडी कधी सुटली नव्हती, पण सोंड्यांनी तिला भोकं पाडायला तासभर पुरला होता.

"अय्यो!" श्रीधरराव नाचू लागले.

रूपश्री वळली. आधी सासरे दिसले, मग त्यांच्या कॉलरवरची मिरवणूक!

"मामा, हलू नका! झटकू नका! एकही मरता कामा नये!"

श्रीधरराव पुतळा झाले. अलका मॅडम, सहकारी विश्वेश्वर आणि रूपश्री ब्रश घेऊन त्यांच्याभोवती जमले. अकरा कॉलरवरून, सात मिशीतून, बाकीचे बनियनच्या आतून विश्वेश्वरने काढले. "चाळीस!" म्हणत रूपश्रीने सुटकेचा श्वास सोडला आणि मग सासऱ्यांच्या नाकापुढे चिमूटभर शहाजिरं धरलं.

"मला वाटलं, तू दुकान बंद पाडणार," ते पुटपुटले. "फोडणार म्हणालीस..."

"सोंडे फोडणार, मामा! दुकान नाही!"

तिने एक सोंडा फोडला, आतला तिळाहून बारीक भाग काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांना बघायला लावलं. श्रीधररावांना धुक्यात वळवळणाऱ्या दोऱ्या दिसल्या.

"हे जंतू सोंड्याचे भाडेकरू. तो यांना घर देतो, हे त्याला कडक कवच करायला मदत करतात. हे नसले तर सोंडा फिका आणि लिबलिबीत निघतो. म्हणून यांना बाहेर काढून वाढवून बघायचंय."

"पण आमच्याच दुकानातले कशाला?"

"बाकी सगळे गोदामात कीड मारायच्या गोळ्या ठेवतात. तुम्ही एकटे ठेवत नाही. असे निरोगी सोंडे मला शहरात कुठेच मिळाले नाहीत!"

श्रीधररावांची छाती फुगली. मग समोरच्या बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी वाचली: 'श्रीधर स्टोअर्स, राजाजीनगर. सोंडे भरपूर.' छाती जागेवर आली.

"पोरी, ते नाव तेवढं खोड."

"शास्त्रात खोटं लिहिता येत नाही, मामा."

"मग असं कर," त्यांनी आवाज खाली आणला, "लिही, सुनेच्या माहेरून आणले!"

"माझ्या माहेरी भाकरी खातात," रूपश्री म्हणाली आणि नवी चिठ्ठी चिकटवली. तीच, पण ठळक अक्षरांत.

हल्ली श्रीधरराव पैजेचं वाक्य म्हणत नाहीत. "आमच्या तांदळावर मोठमोठे शास्त्रज्ञ संशोधन करतात!" असं गिऱ्हाइकांना छातीवर हात ठेवून सांगतात. "कसलं हो, अण्णा?" असं कुणी विचारलं, की मात्र त्यांना कमी ऐकू येतं.